पोटगी : किती, कशी आणि कोणत्या मर्यादेत?

(संस्थेच्या कायदेविषयक व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण, नोकरी, शिष्यवृत्ती या विषयांवर आपण नेहमी बोलतो. घटस्फोटाविषयी मात्र आपल्याकडे दारे लावून बोलले जाते. घरातले भांडण कोर्टात गेले की पहिले काही महिने सगळे गप्प असतात आणि मग एके दिवशी मुलाचे वडील किंवा थोरला भाऊ येऊन हळूच विचारतात, "साहेब, पोटगी कशी टाळता येईल?" मुलीकडचे येऊन विचारतात, "जास्तीत जास्त किती मिळेल?" या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकदाच, सर्वांसमोर द्यावे म्हणून आजचा विषय घेतला आहे.

पोटगी टाळणे आणि पोटगी वाजवी मर्यादेत ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला कायद्यात जवळजवळ जागा नाही. दुसरीला आहे, आणि ती मागण्यात लाज वाटण्याचे काही कारण नाही. आपल्या समाजातला नोकरदार माणूस बहुधा घरातला पहिला पगारदार असतो. त्याच्या एका पगारावर म्हातारे आईवडील, शिकणारी भावंडे आणि गावाकडचे अर्धवट घर अवलंबून असते. त्याला आपली बाजू मांडता आली पाहिजे. परंतु ती मांडण्याचा एकच रस्ता टिकतो, तो म्हणजे खऱ्या हिशेबाचा.

आपल्याला कोणता कायदा लागू होतो?

पुष्कळांचा असा समज आहे की आपण बौद्ध, म्हणून हिंदू विवाह कायदा आपल्याला लागू नाही. हा समज चुकीचा आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन व शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. या कायद्यामागे हिंदू कोड बिलाचा इतिहास आहे. सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या प्रमुख कारणांत हे बिल अडवले जाणे हे एक होते. पुढे त्या बिलाचे तुकडे वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले. घटस्फोटाचा आणि पोटगीचा हक्क आपल्या घरात आला तो या वाटेने.

या कायद्याचे कलम २४ खटला चालू असतानाच्या तात्पुरत्या पोटगीचे आहे आणि कलम २५ कायम पोटगीचे. ज्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले आहे, त्यांना त्या कायद्याची कलमे ३६ व ३७ लागू होतात. याशिवाय धर्म कोणताही असो, पत्नी, मुले आणि आईवडील यांना फौजदारी कायद्याखाली निर्वाहखर्च मागता येतो. आपण ज्याला "१२५ ची केस" म्हणत आलो, ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तेच आता कलम १४४ झाले आहे. जुन्या कलमात दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ मध्ये काढून टाकली गेली. आज कायद्यात रकमेला वरची मर्यादा नाही. मर्यादा पुराव्यानेच ठरते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यातही आर्थिक मदतीचा आदेश मिळू शकतो.

स्टँपपेपरवरची सोडचिठ्ठी

गावाकडे आजही चार माणसे बसतात, स्टँपपेपरवर "आमचा एकमेकांशी संबंध राहिला नाही, पोटगीचा हक्क सोडला" असे लिहून दोन्हीकडच्या सह्या घेतात आणि काडीमोड झाली असे समजतात. पुरुषाला वाटते, सुटलो. खरे तर तो अडकलेला असतो. जातीची रूढी म्हणून अशी सोडचिठ्ठी कायद्यापुढे टिकवायची, तर ती रूढी जुनी आणि अखंड चालत आलेली आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. १९५६ साली आपण ज्या रूढी सोडल्या, त्यांतलीच एक घटस्फोटापुरती परत मागायची, हे आपल्याला शोभतही नाही आणि बहुतेक वेळा कोर्टात टिकतही नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केले तर ते द्विभार्येच्या गुन्ह्यात मोडते. पूर्वी त्यासाठी भारतीय दंड संहितेचे कलम ४९४ होते, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८२ आहे. आणि निर्वाहखर्चाचा कायदेशीर हक्क सोडल्याचा असा खाजगी करार न्यायालये सार्वजनिक धोरणाविरुद्ध मानतात. म्हणजे कागदही गेला आणि पोटगीही राहिली.

नागपूरच्या खटल्याने काय बदलले?

आता सर्वात महत्त्वाच्या निकालाकडे वळू. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ साली एका पत्नीने स्वतःसाठी आणि लहान मुलासाठी पोटगीचा अर्ज केला. २०१५ मध्ये न्यायालयाने पत्नीला दरमहा १५,००० रुपये आणि मुलासाठी आधी ५,००० व नंतर १०,००० रुपये अंतरिम पोटगी ठरवली. पती उच्च न्यायालयात गेला, तेथे हरला, मग सर्वोच्च न्यायालयात गेला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि त्यात देशभरातल्या न्यायालयांसाठी पोटगीचे नियमच घालून दिले. अंतरिम पोटगीच्या एका प्रश्नासाठी सात वर्षे गेली, याचे दुःख त्या निकालात दिसते.

त्या निकालातले मुख्य मुद्दे विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावेत.

पहिला : पती व पत्नी दोघांनीही आपली मालमत्ता, उत्पन्न, खर्च व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. त्याचे नमुने निकालालाच जोडलेले आहेत, आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे.

दुसरा : सामनेवाल्याने आपले उत्तर व प्रतिज्ञापत्र जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचे. मुद्दाम तारखा वाढवल्या तर न्यायालय त्याचा बचावच काढून टाकू शकते.

तिसरा : पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणून खटला लांबवून पैसे वाचत नाहीत, थकबाकीचा डोंगर वाढतो.

चौथा : एकाहून जास्त कायद्यांखाली अर्ज असतील, तर आधीच्या आदेशाची रक्कम नंतरच्या आदेशात जमेस धरायची. मात्र आधीचा आदेश नंतरच्या न्यायालयाला सांगितला पाहिजे. पुष्कळ पुरुष दोन कोर्टांत दोन पोटग्या भरत बसतात, कारण त्यांचा वकील हे सांगायचेच विसरतो. पोटगी मर्यादेत ठेवण्याचा हा सर्वात सोपा आणि पूर्णपणे न्याय्य मार्ग आहे.

पाचवा : कायम पोटगी ठरवताना लग्न किती वर्षे टिकले हेही पाहायचे. थोडे महिने टिकलेल्या लग्नासाठी जन्मभराची पोटगी लादणे न्याय्य होणार नाही, असे न्यायालयाने म्हटले आहे.

रक्कम कशी ठरते?

पोटगीचे ठरावीक कोष्टक नाही. पत्नीच्या गरजा, तिचे स्वतःचे उत्पन्न, लग्नात असताना ज्या पद्धतीने ती राहत होती ते राहणीमान, मुलांचे शिक्षण, पतीची कमाई आणि त्याच्यावर खरोखर असलेल्या जबाबदाऱ्या, हे सर्व न्यायालय एकत्र पाहते. पगाराच्या पाव हिश्श्याचा हिशेब आपण ऐकतो, तो १९७० च्या एका निकालातून आलेला आहे आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचाच आधार घेतला. त्या २०१७ च्या खटल्यात उच्च न्यायालयाने दरमहा २३,००० रुपये ठरवले होते. पतीने दुसरे लग्न केले होते आणि त्याला त्या लग्नापासून मूल होते, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम २०,००० वर आणली. म्हणजे पाव हिस्सा हा एक अंदाज आहे, कायदा नव्हे, आणि खऱ्या जबाबदाऱ्या दाखवल्या तर न्यायालय ऐकते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : घटस्फोटानंतर पती श्रीमंत झाला, म्हणून पत्नीला त्याच्या संपत्तीची बरोबरी मागता येत नाही. पोटगी ही सन्मानाने जगण्यासाठी असते, संपत्तीच्या वाटणीसाठी नसते.

आकड्यांनी समजून घेऊ. समजा, एखाद्याचा एकूण पगार ७०,००० रुपये आहे. प्राप्तिकर, व्यवसाय कर आणि भविष्य निर्वाह निधीची सक्तीची वर्गणी मिळून ९,००० रुपये कापले जातात. हाती ६१,००० येतात. आता त्याने मोटारसायकलचा हप्ता, पतसंस्थेचे कर्ज, स्वतःचा विमा असे आणखी २८,००० रुपये वळते केले आणि कोर्टात सांगितले की "माझ्या हातात ३३,००० च पडतात." साधारणपणे न्यायालय सक्तीची कपात मान्य करते, स्वखुशीची करीत नाही. म्हणून हिशेब ६१,००० वर होईल. पाव हिश्श्याचाच अंदाज घेतला तर ते १५,२५० होतात, त्याच्या हिशेबाने ८,२५० झाले असते. ही ७,००० ची तफावत भरून काढण्यासाठी तो आणखी कर्ज काढील, तर बुडेल तो स्वतःच. याउलट आईचा दरमहाचा औषधखर्च चिठ्ठ्या-पावत्यांसह मांडला, पत्नी राहते त्याच घराचा हप्ता आपणच भरतो हे बँकेच्या उताऱ्याने दाखवले, मुलाची शाळेची फी थेट भरल्याच्या पावत्या जोडल्या, तर त्याचा विचार होतो.

ज्या वाटा बंद आहेत

आता आम्ही काही कटू बोलणार आहोत.

"नोकरी सोडून देतो, मग कोण काय घेईल?" असे म्हणणारे भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये सांगितले आहे की धडधाकट पतीने अंगमेहनत करून का होईना, पत्नी व मुलांना पोसले पाहिजे. हातातली नोकरी मुद्दाम सोडणाऱ्याची कमाई न्यायालय त्याच्या शिक्षणावरून आणि कुवतीवरून ठरवते. म्हणजे नोकरी जाते आणि पोटगी तशीच राहते.

"शेत भावाच्या नावे करून टाकतो." प्रतिज्ञापत्रात मालमत्तेची माहिती द्यावी लागते. सातबारा, बँकेचे खाते, प्राप्तिकराची विवरणपत्रे आज सहज तपासली जातात. शपथेवर खोटे सांगणे हा वेगळा गुन्हा आहे.

"ती शिकलेली आहे, कमावू शकते." कमावू शकणे आणि प्रत्यक्ष कमावणे यांत अंतर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. २००७ च्या एका निकालात तर पत्नी थोडेफार कमावते एवढ्यावरून तिची पोटगी नाकारता येत नाही, असे ठरले. जी बाई दहा वर्षे मुले सांभाळत घरी बसली, तिला उद्या सकाळी नोकरी कोण देणार? तिचा खरा पगार असेल तर त्याचा पुरावा द्यावा, तो नक्की जमेस धरला जातो. नुसती पदवी दाखवून काही होत नाही.

आणि सर्वात वाईट वाट : "तिच्या चारित्र्यावर लिहा." पत्नी व्यभिचारात राहत असल्याचे सिद्ध झाले तर कलम १४४ खाली तिला पोटगी मिळत नाही, हे खरे. परंतु काही पुरावा नसताना, केवळ पैसे वाचावेत म्हणून असा मजकूर लिहिणे याला सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या एका निकालात मानसिक क्रूरता म्हटले आहे. अशा आरोपाने पतीचाच खटला कोसळतो. आणि तो कागद मुलगी मोठी झाल्यावर वाचते. दरमहा दोन हजार रुपये वाचवण्यासाठी आपल्या लेकरांच्या आईविषयी आपण काय लिहून ठेवतो, याचा विचार करावा.

कायदा दोघांचा आहे

हिंदू विवाह कायद्याची कलमे २४ व २५ ही पती किंवा पत्नी, ज्याला उत्पन्न नाही त्याच्यासाठी आहेत. नांदेडच्या एका प्रकरणात घटस्फोटानंतर पतीने शिक्षिका असलेल्या पत्नीकडे पोटगी मागितली. न्यायालयाने दरमहा ३,००० रुपये अंतरिम पोटगी दिली आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश कायम ठेवला. म्हणून भगिनींनाही आमचे सांगणे आहे की प्रतिज्ञापत्र तुमचेही आहे. शिवणकाम, शिकवणी, कंत्राटी नोकरी, जे असेल ते लिहा. लपवलेले हजार रुपये उघड झाले की पदरचे पंधरा हजार संशयात जातात.

आदेश झाल्यावर

आदेश पटला नाही तर वरच्या न्यायालयात जावे, पण स्थगिती मिळेपर्यंत पैसे भरावेत. ते बँकेमार्फत भरावेत. हातात दिलेल्या पैशांना साक्षीदार मिळत नाही. थकबाकीसाठी देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज झाला की वॉरंट निघते, आणि प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. "तुरुंगात बसून येतो, म्हणजे फिटले" असे कोणी समजू नये. कैद भोगली तरी रक्कम माफ होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे. दिवाणी हुकूमनाम्याच्या वसुलीत पोटगीसाठी पगाराच्या दोन तृतीयांशापर्यंत जप्ती येऊ शकते.

परिस्थिती खरोखर बदलली, म्हणजे कारखाना बंद पडला, अपघात झाला, निवृत्ती आली, पत्नीला नोकरी लागली किंवा तिने पुनर्विवाह केला, तर रक्कम कमी करण्याचा किंवा आदेश रद्द करण्याचा अर्ज करता येतो. त्यासाठी संहितेचे कलम १४६ आणि हिंदू विवाह कायद्याचे कलम २५ आहे. पगार बंद झाल्यावर दोन वर्षे गप्प बसून मग थकबाकीचे वॉरंट हातात घेऊन येणारे लोक आम्ही पाहतो. त्यांनी पहिल्या महिन्यातच अर्ज केला असता, तर त्यांचे म्हणणे ऐकले गेले असते.

तडजोडीचा मार्गही खुला आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याप्रमाणे समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे, आणि तेथे समुपदेशक असतात. परस्परसंमतीने घटस्फोट घेऊन एकरकमी पोटगी ठरवता येते. मात्र ती न्यायालयासमोर, हुकूमनाम्यात नोंदवून ठरवावी. मुलांची रक्कम वेगळी लिहावी, कारण आईने आपला हक्क सोडला तरी मुलाचा हक्क सुटत नाही.

वकील परवडत नसेल तर?

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. म्हणजे आपल्या समाजातल्या बहुतेक प्रकरणांत पती आणि पत्नी दोघांनाही हा हक्क आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे आणि १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. हा एक क्रमांक विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीत पोचवला, तरी आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू. प्रतिज्ञापत्राचा नमुना भरायला, पगारपत्रके आणि पावत्या तारखेप्रमाणे लावायला वकिलीची पदवी लागत नाही. आपली शिकलेली मुले हे काम दोन्हीकडच्या घरांसाठी करू शकतात.

बंधू-भगिनींनो, लग्न मोडले म्हणजे सगळेच मोडले असे होत नाही. मुलांची वह्या-पुस्तके, आजारी आईची औषधे, बाईच्या डोक्यावरचे छप्पर हे सगळे त्याच एका पगारातून भागवायचे असते, आणि तो पगार काही दुप्पट होत नाही. म्हणून तो वाटताना हिशेब चोख असावा लागतो. ज्याला वाटते की आपल्याकडून जास्त मागितले जात आहे, त्याने आपली कागदपत्रे घेऊन निर्भयपणे न्यायालयासमोर उभे राहावे. ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, त्याचेच म्हणणे न्यायालयाला पटते.



जयभीम! जय भारत!